स्वादुपिंडातील बेटांचा शोधक: पॉल लँगरहान्स

मधुमेहाविषयीच्या कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच एका जर्मन वैद्याचे नाव येते. स्वादुपिंडात विखुरलेल्या, इन्सुलिन निर्माण करणाऱ्या सूक्ष्म पेशीसमूहांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. नाव सर्वांना पाठ असते, माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. पॉल लँगरहान्स यांना अवघे एक्केचाळीस वर्षांचे आयुष्यही लाभले नाही. त्यातील अखेरची तेरा वर्षे त्यांनी पोर्तुगालच्या ताब्यातील मदेरा बेटावर काढली, आणि आपण नेमके काय शोधले आहे हे न कळताच त्यांनी जगाचा निरोप घेतला.

गोमंतकीय वाचकाला या चरित्राशी जोडणारा धागा दुहेरी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. दर चार प्रौढांपैकी एकाच्या स्वादुपिंडातील ही बेटे शरीराची गरज भागवण्यास अपुरी पडत आहेत, किंवा त्यांनी सोडलेल्या इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, असा याचा अर्थ. दुसरा धागा इतिहासाचा. लँगरहान्स मदेराच्या फुंशाल शहरात रुग्ण तपासत होते तेव्हा तेथे ज्या राजाचा ध्वज फडकत होता, त्याचाच ध्वज मांडवीच्या काठी पणजीतही होता आणि दमणगंगेच्या खोऱ्यातील नगर हवेलीत, सिल्वासाजवळच्या सुरंगीसारख्या खेड्यांवरही होता. पणजीत १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतून त्या काळी या साम्राज्याच्या दूरदूरच्या वसाहतींसाठी वैद्य तयार होत होते.

पॉल लँगरहान्स यांचा जन्म २५ जुलै १८४७ रोजी बर्लिन येथे झाला. वडील नामांकित वैद्य होते आणि शहराच्या कारभारातही त्यांना मान होता. त्यांच्या स्नेह्यांत रुडॉल्फ फिर्शो हे पेशींच्या विकारशास्त्राचे प्रणेते होते. रोगाचे मूळ शरीरातील रसांत किंवा ग्रहदशेत न शोधता पेशीत शोधावे, हा फिर्शो यांचा आग्रह होता. पॉल लहान असतानाच त्यांची आई क्षयाने गेली. ज्या रोगाने आई हिरावून नेली, तोच पुढे मुलाच्या वाटेत आडवा येणार होता.

शालेय शिक्षण बर्लिनमध्ये पूर्ण करून पॉल वैद्यकाच्या अभ्यासासाठी येना विद्यापीठात गेले. तेथे अर्न्स्ट हेकेल यांच्या सहवासात त्यांना प्राणिशास्त्राची गोडी लागली. ही गोडी पुढे आयुष्याच्या पडत्या काळात त्यांचा आधार ठरली. नंतर ते बर्लिनला परतले आणि फिर्शो यांच्या संस्थेत काम करू लागले. तेथेच यूलियस कोनहाइम यांच्याकडून ऊतींना सुवर्णाच्या क्षाराने रंगवण्याची रीत त्यांनी शिकून घेतली. त्या काळी सूक्ष्मदर्शक बरेच सुधारले होते, पण पारदर्शक पेशी एकमेकींपासून वेगळ्या दिसाव्यात कशा, हा प्रश्न होता. नवा रंग हाती येणे म्हणजे नवा डोळा मिळण्यासारखे होते.

१८६८ साली, विद्यार्थिदशेतच, लँगरहान्स यांनी विद्यापीठाच्या एका स्पर्धेसाठी मानवी त्वचेतील मज्जातंतूंचा अभ्यास केला. सुवर्णक्षाराने रंगवलेल्या त्वचेच्या वरच्या थरात त्यांना फांद्या फुटलेल्या काही पेशी दिसल्या. त्या मज्जापेशी असाव्यात असे त्यांना वाटले. हा तर्क चुकीचा होता, निरीक्षण मात्र अचूक होते. या पेशी शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेच्या पहारेकरी आहेत, हे स्पष्ट व्हायला सुमारे शंभर वर्षे लागली. आजही त्या लँगरहान्स पेशी म्हणूनच ओळखल्या जातात. त्या वेळी त्यांचे वय होते एकवीस.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८६९ मध्ये, त्यांनी वैद्यकाच्या पदवीसाठी स्वादुपिंडाच्या सूक्ष्मरचनेवरील प्रबंध सादर केला. प्रबंध आकाराने लहान होता. जठराच्या मागे आडवे पसरलेले हे इंद्रिय पाचकरस तयार करते, एवढे तोवर ज्ञात होते. त्याच्या आतील पेशींची मांडणी कशी आहे, याविषयी मात्र फारशी माहिती नव्हती. लँगरहान्स यांनी प्रामुख्याने सशांच्या स्वादुपिंडाचा अभ्यास केला. त्यांनी स्वादुपिंडाच्या नलिकेत निळा रंग सोडला आणि रसवाहिन्यांच्या बारीक शाखा पेशींपर्यंत कशा पोचतात ते पाहिले. ऊतींचे तुकडे क्षारांच्या द्रावणात काही दिवस मुरवून पेशी सुट्या केल्या आणि एकेक पेशी नजरेखाली आणली.

या प्रबंधात त्यांनी नऊ प्रकारच्या पेशींचे वर्णन केले. त्यांतील बहुसंख्य पेशी कणांनी भरलेल्या होत्या. पाचक विकरे साठवणाऱ्या पेशी त्या याच. रसवाहिनीच्या टोकाशी, या पेशींच्या झुबक्याच्या मध्यभागी असणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पेशींचीही त्यांनी नोंद केली. पण त्यांचे नाव अजरामर करणारे वर्णन वेगळ्याच पेशींचे होते. लहान, बहुकोनी, कण नसलेल्या या पेशी गोलाकार समूह करून ग्रंथीभर विखुरलेल्या होत्या. हे समूह मिलिमीटरच्या एका छोट्या अंशाएवढे असूनही आजूबाजूच्या पेशींपासून स्पष्टपणे वेगळे दिसत.

या पेशी कशासाठी आहेत? या प्रश्नाला लँगरहान्स यांच्याकडे उत्तर नव्हते, आणि त्यांनी ते असल्याचा आवही आणला नाही. आपण जे पाहिले ते त्यांनी मोजमापांसह लिहून ठेवले आणि कार्याविषयी आपणांस काही सांगता येत नाही हे प्रांजळपणे नमूद केले. पदवी मिळवू पाहणाऱ्या तरुणाला एखादे आकर्षक अनुमान जोडून देण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. त्वचेच्या पेशींबाबत त्यांनी तसा तर्क केलाही होता. स्वादुपिंडाबाबत मात्र त्यांनी लेखणी आवरली. नंतरच्या संशोधकांना त्यामुळे कोणतेही चुकीचे मत खोडून काढत बसावे लागले नाही.

१८७० मध्ये लँगरहान्स भूगोलतज्ज्ञ किपर्ट यांच्यासोबत इजिप्त, सीरिया आणि पॅलेस्टाइनच्या प्रवासाला गेले. तेथील लोकांची शारीरिक मोजमापे त्यांनी घेतली, कुष्ठरोग्यांची पाहणी केली. त्याच वर्षी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध भडकले आणि या तरुण वैद्याला जखमी सैनिकांच्या शुश्रूषापथकात दाखल व्हावे लागले. युद्धानंतर १८७१ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात विकृत शरीररचनाशास्त्र विभागात त्यांची नेमणूक झाली. शवविच्छेदने करणे आणि शिकवणे हे त्यांचे काम होते. काही वर्षांतच ते प्राध्यापक झाले. वय सत्तावीस, नावावर दोन मोठी निरीक्षणे, पाठीशी फिर्शो यांच्यासारखा गुरू. जर्मन वैद्यकातील मोठ्या पदांकडे जाणारी वाट त्यांच्यापुढे मोकळी होती.

१८७४ मध्ये क्षयाने ती वाट अडवली. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढायला अजून आठ वर्षे अवकाश होता, आणि परिणामकारक औषध तर त्यानंतर सहा दशकांनी आले. त्या काळी वैद्यांच्या हाती एकच उपाय होता, हवाबदल. लँगरहान्स यांनी स्वित्झर्लंडच्या डोंगरांत उपचार घेतले, इटलीत नेपल्स आणि कॅप्री येथे दिवस काढले. तब्येत सावरेना. अखेर १८७५ मध्ये ते अटलांटिक महासागरातील मदेरा बेटावर आले. तेथील सौम्य हवा क्षयरोग्यांना मानवते अशी युरोपात ख्याती होती आणि उत्तरेकडील देशांतून कितीतरी रुग्ण आशेने फुंशालच्या बंदरात उतरत असत. विद्यापीठातील कारकीर्द संपली ती कायमचीच.

पण लँगरहान्स हात जोडून बसणारे नव्हते. मदेराच्या हवेत प्रकृतीला थोडा उतार पडताच त्यांनी फुंशालमध्ये वैद्यकीय व्यवसाय सुरू केला. त्यांचे बरेचसे रुग्ण त्यांच्याच रोगाने ग्रासलेले होते. क्षयाविषयीचे आपले अनुभव ते फिर्शो यांच्या नियतकालिकात लिहीत राहिले. प्रयोगशाळा नव्हती, पण समुद्र दारात होता. कोळ्यांच्या जाळ्यांत आणि खडकांच्या फटींत सापडणाऱ्या सागरी कृमींचा अभ्यास त्यांनी हाती घेतला आणि येना येथे लागलेली प्राणिशास्त्राची गोडी येथे फळाला आली. मदेराच्या कृमींवर त्यांनी लेखमाला लिहिली, अनेक नव्या जातींचे वर्णन केले आणि त्यांतील एका वंशाला गुरूच्या नावावरून फिर्शोविया असे नाव दिले. १८८५ मध्ये बेटाविषयीचे त्यांचे माहितीपुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या एका दिवंगत रुग्णाच्या पत्नीशी विवाह केला.

संसार तीन वर्षांचा ठरला. क्षय काहीसा आटोक्यात आला असतानाच मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. पाय सुजू लागले, डोके दुखू लागले, रुग्ण तपासणे बंद झाले. २० जुलै १८८८ रोजी लँगरहान्स यांचे फुंशाल येथे निधन झाले. एक्केचाळिसाव्या वाढदिवसाला पाच दिवस उरले होते. तेथील ब्रिटिश दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८९ मध्ये, स्ट्रासबुर्ग येथे मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्या प्राण्याला मधुमेह झाला. रक्तातील साखरेवरचा ताबा स्वादुपिंडाकडे आहे, हे प्रथमच सिद्ध झाले. १८९३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लागेस यांनी त्या गोलाकार पेशीसमूहांना लँगरहान्सची बेटे हे नाव दिले आणि ती रक्तात काही स्राव सोडत असावीत असे सुचवले. १९०१ मध्ये अमेरिकेतील यूजीन ओपी यांनी या बेटांचा नाश आणि मधुमेह यांचा संबंध दाखवला. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी बेटांतील स्राव मिळवला आणि जानेवारी १९२२ मध्ये तो प्रथम एका मुलाला टोचण्यात आला. इन्सुलिन हा शब्दच मुळी लॅटिन भाषेतील बेट या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. १८८८ नंतर आणखी चौतीस वर्षे लँगरहान्स जगले असते, तर पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना आपल्या प्रबंधातील प्रश्नाचे उत्तर पाहता आले असते.

या उत्तरानेही कथा संपली नाही. इन्सुलिनचा यकृतावर कसा परिणाम होतो हे तपासत असताना बेल्जियमचे ख्रिस्तियान द द्यूव्ह यांना पेशीच्या आत एक नवाच कप्पा सापडला. आम्लधर्मी पाचकरसाने भरलेल्या या पिशवीला १९५५ मध्ये लायसोसोम हे नाव मिळाले. पेशी आपलेच जीर्ण भाग दुहेरी पडद्यात गुंडाळून या पिशवीत नेते, तेथे त्यांचे विघटन करते आणि मिळालेला कच्चा माल पुन्हा वापरते, असे पुढे दिसून आले. या क्रियेला द द्यूव्ह यांनी १९६३ मध्ये ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, हे नाव दिले. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या साध्या पेशींत या क्रियेची जनुके शोधली आणि त्याबद्दल त्यांना २०१६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशी उपाशी असते तेव्हा ही क्रिया समोर येईल ते गुंडाळते. पण अनेकदा ती निवड करून चालते. खराब झालेल्या भागावर आधी एक लहानसे प्रथिन खुणेसारखे चिकटवले जाते. ही खूण ओळखणारे दुसरे प्रथिन एका हाताने त्या भागाला आणि दुसऱ्या हाताने वाढत्या पडद्याला धरते, आणि तेवढाच भाग आत ओढला जातो. घर झाडताना फुटके भांडे नेमके उचलावे आणि शेजारच्या धडक्या भांड्याला धक्का लागू देऊ नये, तसे हे काम आहे. लँगरहान्स यांनी वर्णन केलेल्या दोन्ही प्रकारच्या स्वादुपिंड पेशींचे आरोग्य या नेमक्या सफाईवर अवलंबून असल्याचे गेल्या दोन दशकांत दिसून आले आहे.

प्रथम कणांनी भरलेल्या पेशी. त्या कणांत प्रथिने पचवणारी विकरे निष्क्रिय स्वरूपात साठवलेली असतात आणि आतड्यात पोचल्यावरच त्यांनी जागे व्हावे अशी योजना असते. ती पेशीतच जागी झाली, तर पेशी आतून पचू लागते. पोटात असह्य कळा आणणाऱ्या तीव्र स्वादुपिंडदाहाचा आरंभ असा होतो. अतिमद्यपान आणि पित्ताचे खडे ही त्याची प्रमुख कारणे. अकाली जागे झालेले कण पेशी निवडून गुंडाळते आणि नष्ट करते, असे अर्जेंटिनातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. या कामात भाग घेणारे एक प्रथिन ज्या उंदरांत जास्त होते, त्यांच्यात हा दाह सौम्य राहिला. मात्र याची दुसरी बाजूही आहे. ऑटोफॅजीची सुरुवात होऊन लायसोसोममधील विघटन अपुरे राहिले, तर हीच विकरे त्या पिशवीत जागी होऊ शकतात. ऑटोफॅजीचे एक जनुक काढून टाकलेल्या उंदरांत प्रायोगिक दाह कमी झाल्याचे २००८ मध्ये जपानी संशोधकांना आढळले होते. सफाई सुरू होणे पुरेसे नाही, ती तडीस जावी लागते.

आता बेटांतील, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी. त्या प्रौढ वयात फारशा विभागत नाहीत, म्हणून आहेत त्याच पेशींना वर्षानुवर्षे काम रेटावे लागते. साखर वाढली की भराभर इन्सुलिन घडवायचे, त्यासाठी ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका अखंड चालू ठेवायच्या. या धामधुमीत बिघडलेली प्रथिने साचतात, तंतुकणिका झिजतात. २००८ मध्ये जपान आणि कोरियातील संशोधकांनी उंदरांच्या केवळ बीटा पेशींतील ऑटोफॅजी बंद पाडली. बेटे आक्रसली, पेशींत खुणा चिकटलेली पण न उचललेली प्रथिने साचली, तंतुकणिका सुजल्या, इन्सुलिनचा पुरवठा घटला आणि रक्तातील साखर वाढली. इन्सुलिनबरोबर स्रवणारे अॅमिलिन हे प्रथिन माणसात गुठळ्या करून बीटा पेशींना विषारी ठरते. या गुठळ्यांचा निचराही याच मार्गाने होतो, असे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. टाइप १ मधुमेहाच्या जोखमीशी जोडलेले एक जनुक झिजलेल्या तंतुकणिका हटवण्याच्या कामात भाग घेते, हेही त्याच वर्षी प्रकाशात आले.

यातील बरेचसे ज्ञान उंदरांवरच्या प्रयोगांतून आले आहे. बीटा पेशींची ही सफाई नेमकी वाढवून मधुमेह बरा करणारे औषध अद्याप दवाखान्यात पोचलेले नाही. ऑटोफॅजीचे नाव घेऊन दीर्घ उपवासाचे सल्ले मात्र भ्रमणध्वनीवरून घरोघरी पोचले आहेत. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता उपास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उंदराच्या पेशीत दिसलेल्या गोष्टीवरून माणसाच्या ताटाचा निर्णय परस्पर करता येत नाही. लँगरहान्स यांनी स्वादुपिंडाच्या प्रबंधात जो संयम पाळला, तो अशा वेळी आठवावा असा आहे.

मेहनत, चालणे, वजनावर ताबा, वेळच्या वेळी रक्ततपासणी यांनी बीटा पेशींवरचा भार हलका होतो, हे मात्र प्रयोगशाळेच्या बाहेर, माणसांतच सिद्ध झालेले आहे. गोव्यासारख्या राज्यात त्याचे महत्त्व आकडेवारीनेच सांगितले आहे. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे १८४२ च्या त्या जुन्या शाळेच्याच वारसदारात, सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडाची काचपट्टी पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला गडद पेशींच्या पसाऱ्यात फिकट, गोलसर ठिपके ओळखायला सांगितले जाते. एकवीस वर्षांच्या लँगरहान्स यांना ते दिसले तेव्हा त्यांचे नाव सांगणारे कोणी शेजारी नव्हते.